चित्रातल्या झोपडीशेजारचं झाड

बालमित्रांनो, आधी एक गंमत करू या. वहीचं मागचं पान उघडा आणि पटकन एक घर काढा बघू! विचार करत बसायचं नाही. एका मिनिटात काढायचं.

काढलंत? आता तुमचं चित्र न बघताच सांगते, त्यात काय काय आहे ते. मागे दोन डोंगर. त्यांच्या मधून डोकं वर काढणारा सूर्य. डोंगरातून निघालेली नागमोडी नदी. पुढे उतरत्या छपराची एक झोपडी. आणि झोपडीला खेटून उभं असलेलं नारळाचं झाड. ओळखलं की नाही बरोबर?

मी काही जादूगार नाही हं! नाशिकजवळ सातपूरला एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. गेल्या वर्षी मार्च महिन्यात चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासाच्या तासाला सांगितलं, "आपापल्या घराचं चित्र काढा." वह्या गोळा केल्या आणि बघते तर काय, सगळ्या वर्गाचं घर एकच! डोंगर, नदी, झोपडी आणि नारळ.

आता आमचं सातपूर म्हणजे एमआयडीसीचा भाग. मुलांचे आईबाबा कारखान्यांत पाळीवर जातात. कुणाचं गाव खानदेशात, कुणाचं मराठवाड्यात, कुणाचं थेट बिहारमध्ये. कुणी चाळीत राहतं, कुणी स्लॅबच्या खोलीत, कुणी पत्र्याच्या. झोपडीशेजारी नारळ असलेलं घर वर्गात एकाचंही नाही. मी हसून विचारलं, "अरे, ही झोपडी आणली कुठून?"

"बाई, घर असंच काढायचं असतं," एकाने ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, पण झोपडीशेजारी नारळाचंच झाड का? आंब्याचं का नाही?"

प्रश्न मोठा झकास होता. मी उत्तर देणार, तोच एक वही हाताला लागली. त्यात डोंगर नव्हते, नदी नव्हती. एक चौकोन, त्यावर आडवी रेघ, रेघेवर चार दगड आणि एक जुना टायर. घरातली चार माणसं मात्र चौकोनाच्या बाहेर बसलेली. ही वही शेवटच्या बाकावरच्या मुलाची.

"दगड कशाला रे?"

"पत्रा उडू नये म्हणून, बाई."

"आणि सगळे बाहेर का बसलेत?"

"दुपारी आत बसवतच नाही, बाई. डोकं दुखतं. अभ्यास पण होत नाही."

वर्ग एकदम गप्प झाला. पत्र्याच्या घरात राहणारी आणखी सात-आठ मुलं होती. त्यांनी माना हलवल्या. त्या दिवशी मला दोन प्रश्न मिळाले. झोपडीशेजारी नारळच का? आणि पत्र्याखाली बसवत का नाही? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, बरं का. ते म्हणजे नारळाच्या पानात!

फांद्या नसलेलं झाड

आंब्याला, वडाला, कडुनिंबाला फांद्या असतात. नारळाला नसतात. सरळ खांबासारखं खोड आणि टोकाला पानांचा झुपका. अशा झाडांचं एक मोठं कुळ आहे. जगात त्याच्या सुमारे अडीच हजार जाती सापडतात. नारळ, सुपारीची पोफळ, ताडगोळे देणारा ताड, आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारी शिंदी, बागेत लावतात तो सुरमाड, ही सगळी एकाच कुळातली भावंडं.

कोकणात नारळाच्या झाडाला माड म्हणतात आणि त्याच्या पानाला झावळी. झावळी हे एकच पान असतं, पण केवढं! चांगलं पंधरा ते वीस फूट लांब. तुमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचेल. मधोमध जाड दांडा आणि दोन्ही बाजूंना शंभर-शंभराहून जास्त लांब पाती. प्रत्येक पातीच्या मधून एक ताठ काडी जाते, तिला म्हणतात हीर. हिरांचा खराटा करतात, तो तुम्ही पाहिला असेल.

माडाला साधारण महिन्याला एक नवं पान फुटतं आणि जवळपास तितक्याच वेगाने खालचं जुनं पान वाळून गळतं. गळताना खोडावर एक वळा सोडून जातं. म्हणजे वर्षाला बाराच्या आसपास वळे. पुढच्या वेळी माड दिसला की वळे मोजून बघा, झाडाच्या वयाचा अंदाज येतो.

आता यातली खुबी लक्षात घ्या. घर शाकारायला पानं हवीत म्हणून माड तोडावा लागत नाही. फांदीही छाटावी लागत नाही. जे पान आज ना उद्या पडणारच आहे तेच उतरवायचं. मात्र शेंड्याच्या कोवळ्या कोंबाला धक्का लावायचा नाही. माडाला वाढायची जागा ती एकच. कोंब गेला की झाड गेलं. म्हणून जाणती माणसं खालच्या झावळ्या तेवढ्या घेतात.

पहिल्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थिनीला उत्तर मिळालं ना? आंबा फळ देतो, सावली देतो. माड फळ देतो आणि वर दर वर्षी छप्परही देतो. समुद्रकाठच्या झोपडीशेजारी तो उभा असतो, कारण झोपडीचं छप्पर त्याच्याच डोक्यावरून उतरलेलं असतं!

आजीचे झाप

माझं आजोळ वेंगुर्ल्याजवळचं. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिथे जायचो. आजीच्या घरावर तेव्हा कौलं होती, पण गोठा आणि न्हाणीघर अजून झावळ्यांनीच शाकारलेलं असायचं. शाकारणं म्हणजे पावसाळ्याआधी छप्पर नीट करून घेणं. मृग नक्षत्र लागतं जूनच्या ७-८ तारखेला. त्याच्या आत शाकारणी उरकायचीच, असा सगळ्या गावाचा शिरस्ता. म्हणून मे महिन्यात अंगणाअंगणात झाप विणायचं काम चालायचं.

झाप म्हणजे विणलेली झावळी. आधी कोयत्याने झावळीचा दांडा मधोमध चिरायचा. एका झावळीचे दोन फाळ होतात. ते काही दिवस वहाळाच्या पाण्यात भिजत टाकायचे. भिजून पाती मऊ झाल्या की विणताना मोडत नाहीत. मग अंगणात उकिडवं बसून वीण घालायची. एक पाती वर, एक पाती खाली, पुन्हा एक वर, एक खाली. तुम्ही कागदाच्या पट्ट्यांची चटई विणता ना, अगदी तशीच. शेवटी टोकं एकात एक अडकवून गाठ मारायची आणि झाप उन्हात वाळवायचा.

आजीची बोटं मशीनसारखी चालायची. मला वाटलं, ह्यात काय मोठंसं? बसले विणायला. दोन हात झाप झाला असेल, तर मध्ये एक पाती चुकली आणि बोट जाईल एवढं भोक राहिलं. मी म्हटलं, "राहू दे गं, एवढंसं तर आहे."

आजी मालवणीत म्हणाली, "गो बाय, सोड नि परत वीण. भोक ऱ्हवला तर पावसाक पयला ताच दिसता."

म्हणजे, भोक राहिलं तर पावसाला पहिलं तेच दिसतं! मी मुकाट्याने उसवलं आणि परत विणलं. आज वर्गात एखाद्याच्या गणितात हातचा राहिला की मला आजीचं ते भोक आठवतं.

शाकारणीच्या दिवशी शेजारचे चार जण मदतीला यायचे. दुसऱ्या दिवशी आमचे मामा त्यांच्याकडे जायचे. कुणी कुणाला पैसे देत नसे. सगळ्यांना मिळून पेज आणि भाजी असायची. आम्हा पोरांचं काम खालून झाप वर देण्याचं आणि सुंभ पुरवण्याचं. सुंभ म्हणजे नारळाच्याच काथ्याची दोरी. पान माडाचं, दोरी माडाची. बाहेरून आणायची ती नुसती माणसं!

पाऊस आत का येत नाही?

तुम्ही म्हणाल, बाई, पानांचं छप्पर आणि कोकणातला पाऊस? गळत नसेल का?

नीट शाकारलं तर नाही गळत. त्याच्या तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती उताराची. छप्पर चांगलं उभट ठेवतात. पाण्याला बसायला वेळच मिळत नाही, ते घसरून खाली जातं.

दुसरी युक्ती रांगांची. झाप बांधायला सुरुवात कुठून करतात, सांगा पाहू? वरून की खालून? वरून म्हणालात तर चुकलात! सुरुवात करायची वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून. पहिल्या रांगेवर थोडी चढलेली दुसरी रांग, दुसरीवर तिसरी, असं करत आढ्यापर्यंत जायचं. मग वरच्या झापावरचं पाणी खालच्या झापाच्या पाठीवर पडतं, तिथून त्याच्या खालच्या झापावर. शेवटी पागोळ्या होऊन अंगणात. माशाचे खवले किंवा कोंबडीची पिसं निरखून बघा, तिथेही हीच रचना दिसेल.

तिसरी युक्ती पानाच्या अंगातच असते. नारळाच्या पातीवर मेणासारखा गुळगुळीत थर असतो, त्यावर पाणी सहज ठरत नाही. आणि आतले धागे चिवट असतात, म्हणून वाऱ्याने पान फाटलं तरी चिंध्या होत नाहीत.

आता थंडाव्याचं. झापांच्या थरांमध्ये हवेचे लहान लहान कप्पे अडकून राहतात. कोंडलेली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. थंडीत तुम्ही स्वेटर घालता ना? त्याच्या विणीतही अशीच हवा अडकते. स्वेटर अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि झाप बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. पत्र्याचं उलट असतं. तो पातळ, त्यात धातू. ऊन वर पडलं की लगेच तापतो आणि ती धग थेट खाली सोडतो.

देश वेगळे, युक्ती एक

जिथे जे झाड, तिथे त्याचं छप्पर. तमिळनाडूत ताड फार. ताडाचं पान हातपंख्यासारखं रुंद पसरलेलं असतं. तिथे ताडाला राज्यवृक्षाचा मान आहे आणि त्याची पानंही घरांवर घालत आले आहेत. बंगालच्या सुंदरबनात खाडीच्या चिखलात नीपा नावाचं झाड वाढतं. त्याला उभं खोड दिसतच नाही, पानं थेट चिखलातून वर येतात. तिथली माणसं त्याला गोलपाता म्हणतात. गंमत म्हणजे पान काही गोल नसतं, चांगलं लांबलचक असतं! सुंदरबनातल्या झोपड्यांवर हीच पानं घालत आले आहेत. मलेशियातही नीपाचं छप्पर करतात. मलाय भाषेत छपराला 'अताप' म्हणतात आणि तोच शब्द पुढे अशा पानांच्या छपराला चिकटला.

आणि आपल्या नाशिककडे? इथे माड थोडे. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगराळ भागात कुडाच्या भिंतींवर गवताचं छप्पर घालायची रीत. पण शिंदी मात्र आपली जुनी ओळखीची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आई नवी केरसुणी आणते, तिला हळदकुंकू वाहते. ती केरसुणी शिंदीच्या पानांची असते. म्हणजे माडाचं एक भावंड तुमच्याही घरात आहे!

मग सोडलं का?

इतकं चांगलं छप्पर, मग माणसांनी सोडलं का? हा प्रश्न मी आजीला विचारला होता. मला वाटलं, ती हळहळेल. पण ती हसली. म्हणाली, घरावर कौलं चढली त्या दिवशी मी देवापुढे नारळ वाढवला होता!

कारण सोपं होतं. झाप फार तर वर्ष-दोन वर्षं टिकतो. मग कुजतो, त्यात किडे होतात, उंदीर शिरतात. दर वर्षी पुन्हा चिरा, भिजवा, विणा, चढवा. त्यातलं विणण्याचं काम बहुतेक बायकांच्या अंगावर. बोटं सोलवटायची, कंबर धरायची. मंगळूरला १८६५ साली बासल मिशनने कौलांचा कारखाना काढला. तिथली कौलं हळूहळू साऱ्या किनाऱ्यावर पसरली. कौल एकदा चढवलं की वर्षानुवर्षं टिकतं. बायकांचे हात मोकळे झाले. त्यात वाईट काय होतं?

दुसरं कारण आगीचं. वाळलेलं पान ठिणगीची वाटच बघत असतं. मुलांनो, १६ जुलै २००४ ह्या दिवशी तमिळनाडूत कुंभकोणमला एका शाळेत स्वयंपाकघरातून उडालेल्या ठिणगीने नारळाच्या पानांचं छप्पर पेटलं. त्या आगीत ९४ मुलं गेली. तुमच्याच वयाची. त्यानंतर तमिळनाडू सरकारने शाळांवरची अशी छपरं काढायला लावली. ते योग्यच झालं. जुनं ते सगळं सोनं असतं असं नाही. जिथे मुलं दाटीने बसतात, जिथे चूल पेटते, जिथे घराला घर लागलेलं असतं, तिथे पानांचं छप्पर नकोच.

पण पत्राही काही निर्धोक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर भागात घरांवरचे पत्रे कागदासारखे उडाले आणि नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पत्रे बाजारात मिळतात. माड मात्र लावल्यावर फळायला पाच-सात वर्षं घेतो.

आमचा बर्फाचा प्रयोग

आता पुन्हा आमच्या वर्गात चला. एप्रिल उजाडला होता. शाळेजवळच्या एका बंगल्यात नारळाचं झाड आहे. तिथल्या काकांनी खाली पडलेली झावळी आम्हाला दिली. मुलांनी ती पाण्यात भिजवली आणि मी आजीची वीण शिकवली. किती जणांनी भोकं ठेवली म्हणून सांगू!

मग आम्ही बुटांची दोन सारखी खोकी घेतली. एकावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठेवला, दुसऱ्यावर विणलेला झाप. दोन्हींत एकेक वाटी आणि वाटीत एकाच साच्यातला बर्फाचा एकेक खडा. दुपारी बारा वाजता खोकी मैदानात उन्हात ठेवली आणि आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो.

पत्र्याखालच्या बर्फाचं आधी पाणी झालं. झापाखाली तेव्हा बोराएवढा खडा शिल्लक होता. मुलांनी टाळ्या पिटल्या.

शेवटच्या बाकावरचा माझा विद्यार्थी मात्र विचार करत होता. तो म्हणाला, "बाई, आमचा पत्रा काढता येणार नाही. पण पत्र्याच्या वर पानं घातली तर?"

लगेच तिसरं खोकं केलं. खाली पत्रा, वर झाप. ह्या वेळी बर्फ पुष्कळ वेळ टिकला. पोराचा चेहरा असा खुलला म्हणता! पण मला कुंभकोणम आठवलं. त्याच्या वस्तीत घराला घर लागलेलं, आत गॅस. मी म्हटलं, "वाळकी पानं नकोत रे बाबा. दुसरं काही सुचतंय का?"

दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊनच आला. "बाई, आई म्हणते, ओली पानं घालू. वेलाची!"

त्याच्या आईने आधी पत्र्यावर पांढरा चुना फासून घेतला. पांढरा रंग ऊन परतवतो. मग यंदा संक्रांत झाल्यावर रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत माती भरून दुधीभोपळ्याच्या बिया लावल्या. भांडी विसळलेलं पाणी त्यांना घातलं. पत्र्यापासून वीतभर उंचीवर सुतळ्या ताणल्या. ती वीतभर जागा म्हणजे आजीच्या झापातली हवाच की! एप्रिलपर्यंत वेलाने अर्धं छप्पर झाकलं.

मी मुद्दाम दुपारी त्याच्या घरी गेले. आत गारवा होता असं नाही म्हणणार, पण बसवत होतं. तो आता पाचवीत आहे. खाली सतरंजीवर बसून तो गणितं सोडवत होता.

करून पाहा

मुलांनो, बर्फाचा प्रयोग तुम्हीही घरच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन करा. झापाऐवजी केळीचं पान, गोणपाट, पांढरा कागद असं काहीही घेऊन बघा आणि कोणाखाली बर्फ जास्त टिकतो ते वहीत लिहून ठेवा.

आणि पालकांनो, तुम्हाला एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि विचारायला सांगा, "तुमच्या लहानपणी घरावर काय होतं?" कुणी गवत सांगेल, कुणी कौल, कुणी मातीचं धाबं, कुणी झाप. ती छपरं आज पुन्हा घालावीत असं नाही. पण ती घालणाऱ्या हातांना जे कळलं होतं, ते वाया जायला नको.

परवा त्या मुलाने मला एक नवीन चित्र आणून दिलं. तोच चौकोन, तीच आडवी रेघ, तेच चार दगड. वर हिरवीगार पानं आणि त्यांत लटकलेला एक लांबट दुधी. आणि या वेळी घरातली चारही माणसं चौकोनाच्या आत होती.